भिंतीवरचा तिसरा

लातूर,
१२ जून १९९७

ती. चंद्रप्रभामावशी,

सिंधूचा नमस्कार. भूकंपानंतर तू दोनदा येऊन गेलीस, मी मात्र साधं पोस्टकार्ड टाकलं नाही. आता गरज पडली तेव्हा लिहायला बसलेय, तर आधी दोन शिव्या घाल आणि मग पुढचं वाच.

आमचं चाललंय. दोन खोल्या आम्हाला आणि पुढची खोली शिकवणीच्या मुलींना. दहावीचा निकाल लागला की लातूरला जत्रा भरते. ज्याच्याकडे गोठा होता त्यानंही शेण काढून दोन कॉट टाकल्यात आणि दारावर 'मुलींसाठी उत्तम सोय' अशी पाटी लावलीय. माझ्याकडच्या मुलींचा स्वयंपाकही मीच करते. पहाटे चारला त्यांचा गजर वाजतो आणि सासूबाई अंगणात दचकून उठून बसतात. मी त्यांना आत्या म्हणते, ते तुला ठाऊक आहेच. आत्या अजून स्लॅबखाली झोपत नाहीत. अंगणात पत्र्याखाली त्यांची बाज असते, पावसातसुद्धा.

काम असं आहे. आत्यांना लेकाचा फोटो हवाय. आमच्या गावची जी घरं उठून इकडे आली, त्या सगळ्यांच्या भिंतींवर गेलेल्यांचे फोटो आहेत. कोणी मामाकडून आणला, कोणी शाळेतून. आमच्याकडे काहीच नाही. दगडमातीखालून आत्या निघाल्या आणि एक पितळेची परात निघाली. मी त्या रात्री गणपतीसाठी नांदेडला होते म्हणून आहे. लग्नाचे फोटो का नाहीत, ते तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. काकांनी काढायचं कबूल केलं होतं आणि ऐन वेळी ते मॅचला गेले. मी वर्मावर बोट ठेवत नाही मावशी, पण ठेवतेयही.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात औशाला किल्ल्यापाशी मोठी मॅच झाली होती, नांदेडचा संघ आला होता. आमचे हे बघायला गेले आणि एका पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठंय विचारलं तर नुसते हसत सुटले. म्हणाले, तुझ्या काकांनी आमचा फोटो काढलाय, अख्ख्या भिंतीचा. मी चपलेवरून भांडत बसले, फोटोचं विचारायचं राहून गेलं. ती निगेटिव्ह तुझ्याकडे असेल का?

आत्यांसाठी हवाय असं वर लिहिलं. खरं तर मलाच हवाय. परवा मेथी निवडताना यांचं नाक कसं होतं ते आठवेना. सरळ होतं की टोकाला जाड, काही केल्या लागेना. ज्या माणसाबरोबर तेरा वर्षं संसार केला त्याचं नाक. मला फार भीती वाटली.

तुझी,
सिंधू


नांदेड,
२५ जून १९९७

चि. सिंधू,

शिव्या घालून झाल्या. आता ऐक.

तुझ्या लग्नाचे फोटो राहिले म्हणून मी तुझ्या काकांशी महिनाभर अबोला धरला होता. ते गृहस्थ मॅचच्या खुशीत इतके बुडालेले, की त्यांना ते कळलंसुद्धा नाही. क्रिकेट माझी सवतच होती. आता ते गेले आणि त्या सवतीच्या जिवावर मी जेवतेय.

औरंगाबादचा आलोक म्हणून एक माणूस माझ्याकडे येतो. काकांच्या जुन्या मॅचेसच्या निगेटिव्ह माझ्याकडून भारी कागदावर मोठ्या छापून घेतो, कोपऱ्यात पेन्सिलीनं माझी सही घेतो, आणि हॉटेलांत, क्लबांत, तुमच्या लातूरच्या क्लासवाल्यांच्या हॉलमध्ये नेऊन लावतो. याला फाइन आर्ट प्रिंट म्हणायचं. मी आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत हेच करत होते तेव्हा लोक त्याला फोटो धुणं म्हणायचे. आता कला झाली, म्हणून आलोकनं मला पांढरे हातमोजे आणून दिलेत. निगेटिव्हची कोणती बाजू खाली ठेवायची ते मी ओठाला लावून ओळखत असे. रसायन चढवलेली बाजू ओठाला जराशी चिकटते, दुसरी चिकटत नाही. ते बघून आलोकला कसंतरी झालं. म्हणाला, मावशी, हा ऐतिहासिक ठेवा आहे, त्याला थुंकी लावू नका. म्हटलं, बरं बाबा.

औशाची निगेटिव्ह सापडली. आमच्या नांदेडच्या बॅट्समननं चेंडू उचललाय, चेंडू आभाळात आहे, आणि मागे खंदकाकाठच्या पडक्या भिंतीवर ओळीनं बसलेली माणसं तोंडं वर करून बघताहेत. आलोक तिला 'औशाचा सिक्सर' म्हणतो आणि म्हणताना डोळे मिटतो. पोस्टकार्डाएवढी कॉपी पाठवतेय. त्यात तुझा नवरा शोध आणि कळव, तेवढाच मोठा करून देते.

मावशी


लातूर,
६ जुलै १९९७

ती. मावशी,

पाकीट फोडलं आणि लगेच सापडले. ज्वारीच्या दाण्याएवढं डोकं, पण मान तिरपी करून वर बघायची ती रीत दुसऱ्या कोणाची नाही. भिंतीवर उजवीकडून तिसरे. डोक्याला टॉवेल आहे, पण उन्हामुळे तो सगळ्यांनीच बांधलाय, तेव्हा टॉवेलवर जाऊ नकोस. उजवीकडून तिसरा, एवढंच धर.

कॉपीवर खूण करून ती तुला परत पाठवायला हवी होती, पण हातातून सुटेना. पोळ्या लाटताना पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. मुली विचारतात, काकू, मॅच कोण जिंकलं? मला ते अजून माहीत नाही.

पितृपक्षाच्या आधी मिळाला तर आत्यांच्या जिवाला बरं वाटेल.

सिंधू


नांदेड,
२८ ऑगस्ट १९९७

चि. सिंधू,

हा घे तुझा नवरा. उशीर झाला, पण आलोकच्या भारी कागदावर छापलाय. त्याला सांगू नकोस. दाण्याएवढं डोकं ताटाएवढं केलं की रवाळ दिसतंच, तेव्हा जरा लांबून बघ. मला स्वतःला नीट दिसत नाही. हल्ली दिव्याभोवती कडी दिसतात, डॉक्टर मोतीबिंदू म्हणतात. कसा आलाय ते तूच नीट सविस्तर लिही. एवढ्या मेहनतीनंतर माझा तेवढा हक्क आहे.

मावशी


लातूर,
२० सप्टेंबर १९९७

ती. मावशी,

फोटो पोचला. पार्सल आलं तेव्हा मी बाजारात होते. शेजारच्या साखराबाईंनी ते फोडलं. मी आले तोवर खिळा ठोकून, हार घालून झाला होता आणि आमच्या गावची माणसं अंगणात जमली होती. सगळे म्हणाले, हुबेहूब आपला श्रीमंत. आत्यांना अलीकडे नुसता आकार दिसतो. त्यांनी काचेवरून किती तरी वेळ हात फिरवला, रडल्या, आणि दोन भाकरी जेवल्या. भूकंपानंतर मी त्यांना दोन भाकरी खाताना पाहिलं नव्हतं. आता रोज दिवेलागणीला फोटोशी बोलतात. कोणाच्या पोरीला किती मार्क पडले, पाणी किती दिवसांनी आलं, सगळं सांगतात.

तुझे उपकार आहेत. कागद खरंच चांगला आहे.

सिंधू


नांदेड,
१८ जानेवारी १९९८

चि. सिंधू,

कागद चांगला आहे, हे काय गं? पुरणपोळी वाढावी आणि पाहुण्यानं ताटाचं कौतुक करावं, तसं झालं. पण तुझं मन भरून आलं असणार, तुला शब्द सुचले नसणार, अशी मी माझी समजूत घातली.

आता ऐक. मी फोटोची एक प्रत माझ्याकडे ठेवली होती, ती आलोकनं पाहिली. पुढच्या महिन्यात त्याचं औरंगाबादला प्रदर्शन आहे. 'औशाचा सिक्सर' मोठा लावायचा आणि शेजारी हा एकच चेहरा. खाली श्रीमंतचं नाव, गावाचं नाव, आणि 'भूकंपात गेलेला प्रेक्षक' असं लिहायचं, म्हणतो. लोक पुढे सरकणार नाहीत, म्हणतो. मलाही पटलं. तुझी परवानगी कळव.

मावशी


लातूर,
२ फेब्रुवारी १९९८

ती. मावशी,

नको. त्या चेहऱ्याखाली यांचं नाव लिहू नका. कारण विचारू नकोस. बारावीची परीक्षा तोंडावर आलीय, मुली जेवत नाहीत, एकीला ताप आहे. मला वेळ नाही.

सिंधू


नांदेड,
१० मार्च १९९८

चि. सिंधू,

नको तर नको. आलोकला तसं सांगितलं. मला मात्र लागलं. लग्नातल्या फोटोंचा राग सतरा-अठरा वर्षांनी काढायचा होता, तर तोंडावर काढायचास. मी तुझी मावशी आहे, ऐकून घेतलं असतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता घरातली जळमटं दिसायला लागलीत. हा मात्र तोटाच.

मावशी


लातूर,
२१ जून १९९८

ती. मावशी,

मी रागावलेली नाही. मी अडकलेय. आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भिंतीवर आहेत ते हे नाहीत.

त्या दिवशी बाजारातून आले, पिशवी हातातच होती, आणि हारामध्ये एक परका माणूस दिसला. जबडा रुंद, भुवया जुळलेल्या. मी बोलायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "सिंधे, आला बघ गं घरी." सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि पाया पडले.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्या माणसाला गंध लावते. पितृपक्षात त्याला पान वाढलं. तू म्हणशील, गावातल्या एकालाही कळलं नाही? मला वाटतं, पहिल्या एक-दोघांना कळलं असेल, पण म्हातारीच्या तोंडावर कोण म्हणणार. एकानं हुबेहूब म्हटलं की दुसऱ्यालाही म्हणावं लागतं, आणि दहावा येईपर्यंत तो मनापासून म्हणतो. तुलाही लिहिणार होते, पण एकदा चांगला आहे म्हटल्यावर मागं फिरता येईना.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आता डोळे मिटले की तोच येतो. यांना आठवायला जाते आणि हा जुळलेल्या भुवयांचा माणूस पुढे येऊन उभा राहतो. यांचं बोलणंसुद्धा त्याच्या तोंडातून ऐकू येतं. ट्रंकेतून तुझी छोटी कॉपी काढून बघते, पण दाण्यात काय दिसणार? फोटो नव्हता तेव्हा नुसतं नाक हरवलं होतं, फोटो आला आणि अख्खा माणूस गेला. तो भिंतीवरून काढता येत नाही आणि त्याच्यासमोर मला माझ्याच घरात राहता येत नाही.

परवा मुखेडकडचे एक शेतकरी मुलीसाठी खोली बघायला आले. नाव पंचाक्षरी. मुलगी उमादेवी, दहावीला चांगले मार्क, इथे शिकवणीला ठेवायचीय. खोली पसंत पडली. मी पाणी आणायला आत गेले आणि बाहेर मुलीचा आवाज आला, "बाबा, हे तर तुमी." मी तांब्या घेऊन दारातच थांबले. टोपीखालचे केस पांढरे झालेत, पण भुवया त्याच. ते हाराखालच्या स्वतःकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "बाई, मी हाय की अजून."

मी त्यांना बसवून होतं ते सगळं सांगितलं. ते खरंच त्या भिंतीवर होते, औशाला बहिणीकडे आले होते. माणूस भला, रागावले नाहीत, पण घामाघूम झाले. वर्षभरात त्यांचा बैल दगावला आणि ते स्वतः दोनदा तापानं पडले. त्याची सांगड त्यांनी तिथंच बसल्या बसल्या घातली असावी. मुलगी रडायला लागली. जाताना म्हणाले, "खोली पसंत हाय. आठ-दहा दिसांनी पोरीला घेऊन येतो. तवर तेवढा हार काढा. जित्या माणसाला लई जड जातंय."

आत्या तेव्हा देवळात होत्या. हार काढायचा तर का काढला ते सांगावं लागेल, आणि सांगितलं तर त्यांचा लेक दुसऱ्यांदा जाईल. मी काय करू?

सिंधू


नांदेड,
२६ जून १९९८

चि. सिंधू,

पत्र वाचलं आणि तशीच अंधाऱ्या खोलीत गेले. हातमोजे घातले आणि त्या दिवशी जसा हात गेला असेल तशीच निगेटिव्ह लावून पूर्ण फोटो छापला. चित्र उमटलं आणि बॅट्समन निघाला डावखुरा. तो मुलगा आमच्या घरी शंभर वेळा जेवलाय, पक्का उजवा. निगेटिव्ह उलटी बसली होती. आरशात होतं तसं सगळं पालटलं. तुझा उजवीकडचा तिसरा गेला डावीकडे, आणि मी उजवीकडून मोजून दुसऱ्याच टोकाचा माणूस उचलला. पूर्ण फोटो छापला असता तर बॅटवरून तेव्हाच कळलं असतं. मी नुसतं डोकं छापलं. निगेटिव्हच्या गुळगुळीत बाजूची चकाकी डोळ्यांना दिसत नव्हती, हातमोज्यांतून हाताला कळत नव्हतं, आणि ओठाला लावायची मला बंदी. ते हातमोजे आता गरम पातेलं उतरवायला घेतलेत.

लग्नात आमच्या घरानं तुला नवऱ्याचा फोटो दिला नाही, आणि दिला तेव्हा दुसऱ्याच्या नवऱ्याचा दिला. आणि वर मी तुझ्यावरच रुसले. तू एवढे दिवस कशी राहिलीस गं त्या घरात? मला रडू आलं.

नवा प्रिंट पाठवतेय. या वेळी ओठाला लावून छापलाय. आणि एकट्याचं डोकं काढलेलं नाही, अख्खी भिंत छापलीय, आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोक्यापासून पायापर्यंत. छोट्या कॉपीत सगळ्यांचे पाय भिंतीच्या सावलीत बुडाले होते. छापताना खालच्या भागावर तळहात धरून उजेड अडवला, तेव्हा ते वर आले.

आत्यांना कसं सांगायचं ते मला सुचत नाही. पण सांग. खोट्यानं त्यांना दोन भाकरी मिळाल्या, पण तुझा घास गेला.

मावशी


लातूर,
८ जुलै १९९८

ती. मावशी,

पाकीट आलं, पण मी उघडलं नाही. उघडावं आणि हेही परके वाटावेत, अशी भीती होती. तसं झालं तर मग माझ्याकडे काहीच उरलं नसतं. उमादेवी येणार त्याच्या आदल्या दिवशी, मुली क्लासला गेल्यावर, दाराला कडी लावून उघडलं.

चेहऱ्यांकडे बघायचा धीर होईना म्हणून खालून सुरुवात केली. भिंतीवरून सोडलेले पायच पाय. चपला, बूट, धुळीनं भरलेल्या टाचा. उजवीकडून सरकत आले आणि थांबले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, अंगठा वर काढलेला. मी घरात एकटीच हसले. तिथूनच वर गेले, धोतर, उठायला गुडघ्यावर टेकलेला हात, तिरपी मान. चेहऱ्यापाशी पोचले तेव्हा तो मला आठवावा लागला नाही. नाक टोकाला जाड आहे मावशी. हसले की आणखी जाड व्हायचं. मग जी रडले, ते भूकंपानंतरही तशी रडले नव्हते.

त्याच संध्याकाळी आत्यांना सगळं सांगितलं. त्या अंगणात जाऊन बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अन्नाला शिवल्या नाहीत. मला वाटलं, आता ही म्हातारी माझ्या हातून गेली. मग उठून बसल्या आणि म्हणाल्या, "तू तोंड शिवून बसलीस, आन मी दुसरीच्या लेकराला मेला म्हनून रोज हार घातला. त्याच्या मायीनं काय करावं?" लेकाचं नाव नाही, आधी त्या माणसाच्या आईचं. मला टॉवेल-टोपी आणायला पाठवलं आणि जुना फोटो स्वतःच्या हातानं उतरवला.

पंचाक्षरीभाऊ आले. आत्यांनी त्यांना पाटावर बसवून टॉवेल-टोपी दिली आणि काचेवरून फिरवायच्या तसा त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. धडधाकट आहेस ना, माय आहे ना, एवढंच विचारलं. माय आहे, म्हणाले. मग त्यांनी आपण होऊन मॅचचं काढलं. त्या टोकाला एक जण होता. चेंडू आपल्याकडेच येतोय बघून उठायला गेला आणि त्याची चप्पल खंदकात पडली. तरी चेंडू त्यानं झेललाच, आणि चप्पल आणून दिल्याशिवाय परत देणार नाही म्हणून अडून बसला. सगळी भिंत हसत होती. शेवटी चेंडू दिला, पण चप्पल काही कोणी आणून दिली नाही. आत्यांनी त्यांना तेच पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं.

खिळा जुनाच होता. उमादेवीनं स्टुलावर चढून नवा प्रिंट लावला. आत्या सवयीनं हार घेऊन उभ्या राहिल्या आणि कुठं घालू म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्या, यात पंचाक्षरीभाऊ बी हायत. आनखी किती तरी जिती माणसं असतील. याला हार घालता येत न्हाई."

त्यांनी हार हातावर गुंडाळून घेतला.

"मग न्हाई घालत," म्हणाल्या. "बसू दे माझ्याबी लेकाला त्यांच्यात."

हार त्यांनी तुळशीला घातला. झोपायला अजून पत्र्याखालीच जातात, ते काही बदलायचं नाही. दिवेलागणीला भिंतीशी बोलणं सुरू आहे, फक्त आता सगळ्यांशी बोलतात. भुवयांचा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून गेला. आता तो आपल्या टोकाला बसतो.

आलोकला सांग, पुढच्या प्रदर्शनात अख्खी भिंत लावायची असेल तर खुशाल लाव, माझी हरकत नाही. नावगाव काही लिहू नको म्हणावं. आणि चौकटीत बसत नाही म्हणून खालून कापू नको. पाय दिसले पाहिजेत.

तुझी,
सिंधू